आधी वारा की आधी पाणी

कमलाक्का गेल्याची बातमी आली तेव्हा मी मद्रासच्या पाँडी बझारात वांगी निवडत होते. आमची घरमालकीण मला शोधत तिथवर आली, माझ्या हातातली पिशवी धरली आणि तमिळमध्ये म्हणाली, "तुमच्या मोठ्या जाऊबाई…" मला कळलं. मी पिशवीतली वांगी पुन्हा टोपलीत टाकली आणि तशीच मांबलमची वाट धरली. वाटेत रडू आलं नाही. राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. अक्कांची या आयुष्याकडे एकच मागणी होती, आणि ती त्यांनी मला एकदा सांगितली होती. "दुसऱ्याच्या छपराखालीं मरायचें नाहीं, वत्सले. एवढें झालें कीं पुरे." त्या मेल्या त्या मांबलमच्या एका घराच्या मागच्या पोर्शनमध्ये. तिथं दुपारीही दिवा लावावा लागे, आणि नळावर चार बिऱ्हाडांच्या घागरींचा नंबर असे.

तेराव्याला पंगती उठल्यावर पान खाता खाता सगळे म्हणत होते, "फार समाधानी बाई. कधी काही मागितलं नाही." माझे थोरले दीर, म्हणजे अक्कांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते डोळे पुसत मान डोलवत होते. समाधानी! मला तिथंच ताट आपटावंसं वाटलं. माणूस गेलं की त्याच्या तोंडाला एक गोड मुखवटा बांधायचा आणि मग तोच त्याचा चेहरा म्हणून नातवंडापतवंडांना दाखवायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. अक्का समाधानी नव्हत्या. त्या गप्प होत्या, आणि का गप्प होत्या ते त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घरातल्या गोष्टी पेपरात कशाला, असं आमच्या यजमानांचं मत आहे. त्यांचं मत मी ऐकून घेतलं आणि लिहायला बसले.

मी मूळची सातारची. लग्न होऊन मद्रासला आले तेव्हा सासर मराठी आहे एवढ्या एका गोष्टीवर आईनं निःश्वास टाकला होता. हे लोक तंजावरकडचे, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेले. त्यांची मराठी ऐकून पहिले काही दिवस माझी तारांबळ उडाली. सगळ्याला 'अस्कें' म्हणायचं, छानला 'चोखट', आणि निघताना 'जातो' म्हटलं तर घरच्यांच्या पोटात गोळा येणार, 'जाऊन येतों' असंच म्हणायचं. मी एकदा 'येते हं' म्हणून बाजारात निघाले तर अक्का स्वयंपाकघरातून ओरडल्या, "येतेस कीं जातेस तें एक काय तें ठरव!" त्यांच्या चेष्टेत गोडवा कमी आणि तिखट जास्त. माझ्या पहिल्या सांबाराला त्यांनी "गोडा मसाला घालून केलेला अपघात" म्हटलं होतं. मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून सांबार शिकवलं, आणि शिकवताना एकदाही आवाज चढवला नाही.

अक्का त्या काळात मॅट्रिक झालेल्या. वडील रेल्वेत, त्यामुळे लहानपण एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात गेलेलं. वाचायचा नाद जबरा, पण कादंबऱ्यांचा नव्हे. छापलेलं काहीही त्या वाचत. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा घडीचा कागद, रेल्वेच्या तिकिटाची मागची बाजू, दुकानाच्या पावतीतलं खालचं बारीक. "जें मोठें छापतात तें आपल्याला खूष करायला," त्या म्हणत, "आणि जें बारीक छापतात तें त्यांना सुटायला." अण्णांना या सवयीचा भारी कंटाळा. चारचौघांत ते म्हणायचे, "आमच्या कमलेला वकील करायची, चुकून बायको झाली." सगळे हसायचे. अक्काही हसायच्या, पण चष्मा काढत नसत.

क्वार्टरं बदलत वाढलेल्या बाईला स्वतःचं घर हवं होतं. माहेरच्या पाटल्या आणि गोठ मोडून त्यांनी मद्रासच्या दक्षिणेला, तिरुवान्मियूरला जागा घ्यायला लावली. तेव्हा तो भाग म्हणजे खेडंच. सुरूची झाडं, रेती, कोळ्यांची झोपडी-वस्ती आणि समोर समुद्र. टी. नगरातले आमचे नातेवाईक म्हणाले, तिथं काय मासे विकणार का? अक्कांनी कुणाला उत्तर दिलं नाही. वर मंगळुरी कौलं, खाली लाल सिमेंटची जमीन, मागे गोड्या पाण्याची विहीर आणि समुद्राकडे तोंड केलेली ओसरी, असं बेताचं घर उभं राहिलं. वास्तुशांतीच्या दिवशी सगळे गेल्यावर अक्का विहिरीवर गेल्या, स्वतःच्या हातानं पोहरा ओढला आणि भरलेलं पाणी पुन्हा विहिरीत ओतलं. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "कांही नाहीं. नंबर न लावतां पाणी काढून पाहिलें." त्या दिवशी त्यांचा चेहरा जसा दिसला तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

घर बांधायला सोसायटीचं कर्ज काढलेलं, आणि कर्ज फिटेपर्यंत घराचा विमा असला पाहिजे ही सोसायटीची अट. अण्णांनी दाखवलेल्या जागी सही केली आणि पॉलिसी पेटीत ठेवून दिली. अक्कांनी ती बाहेर काढली आणि सबंध वाचली. तो आगीचा विमा होता. समुद्राच्या काठी घर आणि विमा आगीचा! अक्का आमच्या यजमानांना बरोबर घेऊन बीचजवळच्या कंपनीच्या कचेरीत गेल्या, थोडा जास्तीचा हप्ता भरला आणि वादळाची पुरवणी चिकटवून घेऊन आल्या. ती पुरवणी वाचून झाल्यावर त्यांना कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. अण्णा झोपाळ्यावर पेपर वाचत होते, म्हणून मी सापडले.

"बघ," त्या म्हणाल्या, "वाऱ्यानें मोडलें तर देतील. छप्पर वाऱ्यानें उडालें, त्या भोकांतून पाऊस आला आणि सामान भिजलें, तेंही देतील. पण समुद्र उठून घरांत आला तर कांही नाहीं."

"आणि दोन्ही आले तर?"

"तर आधीं कोण आलें तें पाहतील. वाऱ्याचें काम कोणतें, पाण्याचें काम कोणतें, तें आपण वेगळें करून दाखवायचें. दाखवतां आलें नाहीं कीं अस्कें पाण्याच्या नांवावर जातें. म्हणून कांही झालें तर त्यांचा माणूस येईपर्यंत घरांतला एक खापरीचा तुकडा हलवायचा नाहीं."

मी विचारलं, मग समुद्राचाच विमा का नाही घेतला? त्यांनी तेही विचारलं होतं. समुद्र इतका जवळ असलेल्या घराला कंपनी तो देत नाही, असं कचेरीतल्या साहेबानं सांगितलं. म्हणजे ज्याच्या दारात समुद्र त्याला समुद्राचा विमा नाही, आणि ज्यानं समुद्र फक्त संध्याकाळी भेळ खाताना पाहिला त्याला पाहिजे तेवढा. मी हे म्हटल्यावर अक्का खळखळून हसल्या. त्या वेळी दोघींना हसू आलं, एवढं खरं.

पुढे काही वर्षांनी वादळ आलं. मद्रासला कार्तिकात वादळाची हूल नेहमीच उठते, बंदरावर निशाण चढतं, शाळा सुटतात, मुलं खूष होतात आणि संध्याकाळी नुसती भुरभुर पडून जाते. त्या वर्षी तसं झालं नाही. दुपारच्या जेवणानंतर वारा सुटला. टी. नगरात आमच्या दारचा गुलमोहर मुळासकट आडवा झाला, तेव्हाच मला तिरुवान्मियूरची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी बस बंद. मी आणि आमचे यजमान अड्यारच्या पुढे पडलेल्या झाडांवरून उड्या मारत चालत पोचलो. अण्णा आणि अक्का धडधाकट होते. दुपारी कौलं उडायला लागली तेव्हा ते डोक्यावर पाट धरून निघाले आणि देवळाच्या दगडी मंडपात जाऊन बसले. समुद्र आला तो त्यानंतर, दिवस मावळताना. अक्कांनी तो मंडपाच्या पायरीवरून येताना पाहिला होता.

घरात पाऊल ठेवलं तर पावलाखाली जमीन लागेना. दिवाणखान्यात घोट्याच्या वर रेती, त्यात शेवाळ, मेलेले खेकडे, कुणाच्या तरी होडीचं वल्हं. वर पाहिलं तर आभाळ. मी तोंडाला पदर लावून उभी राहिले. अक्का मात्र पदर खोचून त्या रेतीत उकिडव्या बसल्या, हातानं एका ठिकाणी रेती बाजूला केली आणि मला बोलावलं. "इकडे ये. काय दिसतें?" रेतीच्या खाली कौलांचे तुकडे होते, लाल जमिनीवर थेट पडलेले. त्यांनी आणखी दोन ठिकाणी उकरलं. तिथंही तेच. "कौल खालीं, रेती वर," त्या म्हणाल्या. "कळलें का? कौल आधीं पडलें. छप्पर गेलें तें वाऱ्यानें. समुद्र आला तेव्हां वर छप्परच नव्हतें." त्यांच्या आवाजात चक्क आनंद होता. उघड्या घरात, चिखलात बसलेली ती बाई मला म्हणाली, "घाबरूं नको. छप्पर मिळेल. छप्पर मिळालें कीं घर राहील." उकरलेली जागा त्यांनी पुन्हा रेतीनं झाकली आणि आमच्या यजमानांच्या हाती कंपनीला चिठ्ठी दिली, लवकर माणूस पाठवा, आम्ही काही हलवलेलं नाही.

कंपनीचं उत्तर आलं की नुकसान गावभर झालंय, चार-पाच दिवसांत माणूस येईल. आणि आमच्याकडे मध्येच तिथी होती. माझ्या सासऱ्यांचं श्राद्ध.

मद्रासकडच्या आमच्या मंडळींत श्राद्ध म्हणजे काय प्रकरण असतं ते माझ्या सातारच्या माहेराला सांगून कळायचं नाही. सोवळ्यातला पाण्याचा थेंब चुकीच्या अंगाला उडाला तर पुन्हा अंघोळ. अण्णा थोरले, श्राद्ध त्यांचं, आणि ते करायचं ते स्वतःच्या घरात. अक्का आधी शांतपणे म्हणाल्या, "या वर्षीं टी. नगरला वत्सलेकडे करूं. तिकडे अस्कें कोरडें आहे." अण्णा म्हणाले, "पितर आपल्या घरीं येतात. भाड्याच्या घरीं काय म्हणून येतील?" वाध्यार, म्हणजे आमचे उपाध्ये, हळूच पुटपुटले की आपत्काळात दुसरीकडे चालतं, नदीवर केलं तरी चालतं. अण्णांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की वाध्यारांना एकदम पंचांगात काहीतरी महत्त्वाचं सापडलं. मग अक्कांनी विम्याचं सांगितलं. कौल खाली, रेती वर, ते त्यांना हात धरून नेऊन दाखवलं. अण्णांनी पाहिलं. मी तिथंच होते, मी त्यांना पाहताना पाहिलं. म्हणाले, "माझ्या बापाचें श्राद्ध आहे आणि तूं मला खापऱ्या दाखवतेस?"

तरी अक्का म्हणाल्या, "बरें. मग एक खोली तरी राहूं द्या. मागची. तिचें दार लावतें. बाकीचें घर मी आरशासारखें करून देतें." शब्दाला शब्द वाढला नाही, ओरडाआरडा झाला नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "मेलेले खेकडे एका खोलींत आणि पिंड दुसऱ्या खोलींत? तुझ्या माहेरीं असें चालत असेल." आमचे यजमान म्हणाले, "वहिनी, कशाला वाद?" झालं. बाईच्या माहेरापर्यंत गेलं आणि धाकट्या दिरानंही मान फिरवली, की आमच्या घरात तो विषय संपतो. मी बोलायला तोंड उघडलं तर अक्कांनीच माझ्या दंडाला हात लावून थांबवलं. त्यांनी फावडं घेतलं.

घर साफ झालं, आणि काय साफ झालं! वस्तीतल्या बायका मदतीला आल्या. रेती उपसून विहिरीमागे टाकली. कौलांचे तुकडे वेचून भिंतीशी नीट रचले, कारण अण्णांना पसारा खपत नाही. मोडलेले वासे फोडून श्राद्धाच्या चुलीला लावले. जमीन तीन-तीनदा धुतली, वर झावळ्या टाकून तात्पुरतं छप्पर केलं. मागच्या खोलीत अक्का एकट्या गेल्या. कुणाला आत येऊ दिलं नाही. बराच वेळ आतून काही आवाज आला नाही, मग फावड्याचा आला. तिथीला पानं वाढली, पिंड झाले, कावळा शिवला. अण्णा प्रसन्न होते. म्हणाले, "पाहा, बाबा तृप्त होऊन गेले."

कंपनीचा माणूस त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. तरुण, शिकलेला, सभ्य. मी त्याला दोष देत नाही, द्यायची इच्छा खूप आहे, पण सापडत नाही. त्यानं पाहिलं काय, तर धुतलेलं घर आणि भिंतींवर कमरेच्या खाली समुद्राच्या खाऱ्या पाण्याची सरळ रेघ. ती तेवढी धुतली जाण्यासारखी नव्हती. त्यानं विचारलं, "आधी वारा की आधी पाणी?" अक्कांनी इंग्रजीत व्यवस्थित सांगितलं, वारा दुपारी, पाणी संध्याकाळी, कौलं रेतीच्या खाली होती. तो म्हणाला, "कुठं आहेत?" अक्कांनी भिंतीशी रचलेला ढीग दाखवला. त्यानं रेती विचारली. ती विहिरीमागे. तो नम्रपणे म्हणाला, "बाई, तुम्ही सांगता ते खरं असेल. पण मला बघून लिहायचं असतं, ऐकून नाही." तेवढ्यात अण्णा पुढे आले. अंगावर धुतलेलं उपरणं, कपाळावर गंध. पाहुणा घरी आला की अण्णांना गोष्ट रंगवून सांगायची भारी हौस. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "काय सांगू साहेब, साक्षात समुद्र! समुद्र माझ्या दिवाणखान्यात आला!" आणि त्या खाऱ्या रेघेवर बोट ठेवून, ही इथपर्यंत, असं त्याला अभिमानानं दाखवलं. तो मुलगा लिहीत होता. अक्का खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले…

कंपनीनं कळवलं की नुकसान समुद्राच्या पाण्यानं झालेलं दिसतं, वाऱ्यानं झाल्याचं सिद्ध होत नाही, सबब देणं लागत नाही. कर्जाचे हप्ते मात्र चालू होते, ते वादळ ओळखत नाहीत. नवं छप्पर घालायला हातात काही उरलं नाही. एक पावसाळा त्यांनी झावळ्यांखाली काढला. भिंतींचा गिलावा खाऱ्या ओलीनं पापुद्र्यासारखा सुटत गेला, अक्का रोज सकाळी तो झाडून गोळा करत. मग एका कापडवाल्यानं घर नव्हे, नुसती जागा विकत घेतली. अक्का आणि अण्णा मांबलमच्या मागच्या पोर्शनमध्ये आले. पुढे दर वर्षी सासऱ्यांचं श्राद्ध त्या भाड्याच्या खोलीत यथासांग झालं. पितर एकदाही पत्ता चुकले नाहीत.

इथपर्यंत सगळं एखाद्याच्या नशिबाला येतं तसं आलं म्हणता येईल. घरं जातात, माणसं पुन्हा उभी राहतात. मला खुपतं ते यापुढचं. घर का गेलं, असं कुणी विचारलं की अण्णा म्हणायचे, "कमलेनें साहेबाशीं इंग्लिशांत कांहीतरी बोलून घोळ केला. बाईमाणसानें मध्यें पडायला नको होतें." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, दुःखात बोलले असतील. मग ते लग्नात बोलले, मुंजीत बोलले, ओळखीपाळखीच्या सगळ्यांत ती गोष्ट कुणी काही विचारायच्या आधीच पोचलेली असायची. आमच्याच घरातली धाकटी मंडळी अक्कांना चेष्टेत 'इन्शुरन्स ऑफिसर' म्हणायला लागली. मी प्रत्येक वेळी तोंड उघडलं. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालं, वत्सलेची सातारची जीभ. आणि सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट म्हणजे, समोर बसलेल्या अक्का कधी एक शब्द बोलल्या नाहीत. तिकिटाची मागची बाजू वाचणारी बाई! बोलायला लागली असती तर चार वाक्यांत अण्णांना गप्प केलं असतं.

एकदा मी भांडलेच त्यांच्याशी. मांबलमच्या त्या खोलीत दोघीच होतो, त्या मुरुक्कूचं, म्हणजे तिकडच्या चकलीचं, पीठ मळत होत्या. मी म्हटलं, अक्का, तुम्ही खरं का सांगत नाही? घर त्यांनी घालवलं. त्यांच्या हट्टानं घालवलं. त्या पीठ मळत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांनाही ठाऊक आहे, वत्सले. ठाऊक आहे म्हणूनच म्हणतात. मी नाहीं तर मग दोष कोणाला जाईल? त्यांच्या बापाच्या श्राद्धाला. तेवढें त्यांना झेपायचें नाहीं." मी म्हटलं, "आणि तुम्हाला झेपतं?" त्यांनी हात धुतले, पुसले आणि म्हणाल्या, "नाहीं." एवढंच. त्या एका 'नाहीं'नंतर मी त्यांना समाधानी म्हणणाऱ्याचं तोंड पाहू नये तर काय करावं?

मला कधीकधी अक्कांचाही राग येतो. हे लिहिताना येतोय. काय गरज होती एवढं मोठं मन करायची? त्या मनाचा उपयोग कुणाला झाला? अण्णांना झाला. त्यांना वर्षानुवर्षं स्वस्थ झोप लागली, आणि अक्का त्यांच्या शेजारी जाग्या राहिल्या. पण गेलेल्या माणसावरचा राग धरून ठेवायला जागा नसते, तो पुन्हा आपल्याच अंगावर येतो. शेवटच्या आजारात मी रोज जात होते. त्या फार बोलत नव्हत्या. एका दुपारी शेजारच्यांनी कोळसा फोडायला घेतला, धाडधाड आवाज येत होता. त्या एकदम डोळे उघडून म्हणाल्या, "छप्पर जातें आहे का?" मी म्हटलं, नाही, छप्पर आहे. त्यांनी वर पाहिलं. "हें?" म्हणाल्या, "हें आपलें नव्हे." आणि कूस बदलली.

तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी अण्णांनी मला आणि मोलकरणीला बोलावलं. म्हणाले, मागची खोली झाडून, धुऊन घ्या, खाट बाहेर काढा. कार्तिक जवळ आला, बाबांची तिथी आहे, सोवळ्याचा स्वयंपाक त्याच खोलीत करावा लागेल. मी खोलीत गेले. खाटेवरच्या चादरीला अक्कांच्या कुशीचा खळगा होता. उशाशी तांब्याच्या फुलपात्रात पाणी होतं, त्यावर बारीक धूळ धरलेली. दोरीवर त्यांचं नऊवारी तसंच अर्धं घडी केलेलं. मोलकरणीनं झाडू टेकवला, तशी मी तिचा हात धरला आणि तिला बाहेर पाठवलं. मागून अण्णा आले. म्हणाले, "काय झालें?"

"ही खोली राहू दे," मी म्हटलं.

"अशीच? किती दिवस?"

"कुणीतरी बघून जाईपर्यंत."

त्यांना कळलं. म्हातारा माणूस, दाराची चौकट धरून उभे राहिले. आत पाऊल टाकलं नाही. अगदी हळू म्हणाले, "तिचें चुकलें नव्हतें." पुढच्या खोलीत वाध्यार बसलेले, आमचे यजमान, मांबलमचे दोघेतिघे नातलग. मी म्हटलं, "हे बाहेर येऊन म्हणा. त्या सगळ्यांच्या देखत, एकदा." अण्णांचे ओठ हलले. मग ते वळले, बाहेर गेले, पाटावर बसले, आणि वाध्यारांना विचारलं की या वर्षी तिथी कोणत्या वारी येते…

मी बाहेरून कुलूप घातलं. महिना उलटून गेला, किल्ली माझ्याकडेच आहे. अण्णांचा निरोप आठवड्यातून एकदा येतो, श्राद्ध जवळ आलंय, खोली उघडून द्या. मी प्रत्येक वेळी एकच उत्तर पाठवते. आमच्याकडे टी. नगरला या, श्राद्ध इथं होईल, स्वयंपाक मी करीन, सोवळ्यात करीन. त्या खोलीला मात्र, ते चारचौघांत म्हणेपर्यंत, कुणी झाडू लावायचा नाही.